नाल्यावरून गेलेल्या तीन गाड्या

नाल्यात मी छातीपर्यंत बुडाले होते, डावा पाय खाली गाळात वाकडा अडकला होता, आणि वर काठच्या रस्त्यानं प्रचाराची गाडी चालली होती. मी ओरडले. भोंग्यातली बाई माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होती. माता-भगिनींच्या सुरक्षेसाठी आमच्या चारही उमेदवारांना प्रचंड मतांनी विजयी करा, असं ती म्हणत होती. मी माताही आहे आणि भगिनीही, आणि त्या वेळी तिच्या चाकापासून चार हातांवर होते. गाडी निघून गेली.

थोड्या वेळानं दुसऱ्या पक्षाची आली. तिच्यावर गाणं लावलं होतं. दोन कडव्यांच्या मधे जरा शांतता असते, तेव्हा ओरडावं म्हणून मी दम धरून ठेवला. मधे ढोल निघाला. मग तिसऱ्या पक्षाची आली. तिच्या वेळी मी ओरडलेच नाही. आवाज पुढच्या माणसासाठी राखून ठेवला. दुपारचे तीन वाजले असतील. वर पौषातलं ऊन होतं, खाली पाणी गार. वासाचं काही सांगत नाही.

यंदा पुन्हा थंडी पडली आणि घोटा ठणकायला लागला. मला आता पंचांग पाहावं लागत नाही. संक्रांत किती लांब आहे ते पाय सांगतो. सून वर्षा आत तीळ भाजते आहे. तीळ तव्यावर तडतडले की तो हिवाळा आठवतो. आठवणी आल्या की लोकांचे डोळे भरून येतात म्हणे. मला हसू येतं, आणि थोडा राग येतो.

वऱ्हाडातला हिवाळा एरवी चांगला. अकोल्याच्या रस्त्यांनी कापसाच्या गाड्या जिनिंगकडे चाललेल्या असतात आणि कडेच्या बाभळींना कापूस लागून राहतो. बाजारात तुरीच्या हिरव्या शेंगा येतात, अमरावतीकडची संत्री येतात. माझा नवरा जिनिंगमध्ये फिटर होता. या दिवसांत तो घरी यायचा तेव्हा भुवयांवरसुद्धा कापूस असायचा. पंचविशीतच म्हातारा दिसायचा, आणि खरा म्हातारा व्हायच्या आधीच गेला. तेव्हापासून हिवाळ्यातली एक गोष्ट माझ्यासाठी बंद झाली. हळदीकुंकवाला बोलावणं यायचं थांबलं. मला त्याचं फार वाईट वाटलं असंही नाही. वाण म्हणून मिळालेल्या चाळण्या आणि चमचे घरात पुष्कळ होते. फक्त संध्याकाळी गल्लीतल्या बाया नटून बाहेर पडायच्या, त्या वेळी आपण दार लोटून घ्यायचं, हे अंगवळणी पडायला दोन-तीन वर्षं लागली.

त्या हिवाळ्यात निवडणूक आली. इतक्या वर्षांनी आली की नगरसेवक कसा असतो ते शाळेतल्या मुलांना माहीतच नव्हतं. हवेचा वासच बदलला. शहराबाहेरच्या वावरांतून गोवऱ्यांचा धूर यायचा. आमच्याकडे गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे रोडगे भाजतात आणि वांग्याच्या भाजीशी खातात. एरवी ते देवाच्या नवसाचे. त्या महिन्यात रोज कोणत्या तरी पक्षाचे होते. आज एका वावरात एकाचे, उद्या त्याच वावरात दुसऱ्याचे. जेवणारे तेच आणि आचारीही तोच. उमेदवारसुद्धा तेच होते. मागच्या खेपेला ज्या पक्षाच्या नावानं मतं मागितली, या खेपेला त्याच पक्षाला नावं ठेवत तीच माणसं दारात उभी. गळ्यातला रुमाल तेवढा नवा. मी चौथी शिकले. चौथीत जेवढा भागाकार शिकवतात तेवढ्यात या पक्षांचे तुकडे बसत नाहीत.

माझं पहिलं मत मात्र मला स्वच्छ आठवतं. लग्न होऊन मी अंजनगाव सुर्जीजवळच्या गावात नांदायला गेले होते. नवऱ्याला अकोल्यात काम लागायचं होतं. मतदानाच्या सकाळी सासऱ्यांनी चुलीतली राख आणून ओट्यावर पसरली आणि बोटानं निशाणी काढून दाखवली. म्हणाले, यावर शिक्का मारायचा. मला वाचता येत होतं, पण ते कोणी विचारलं नाही. आम्ही बाया बैलगाडीतून गेलो, धुतलेली लुगडी नेसून, देवाला जावं तशा. मी शिक्का मारला आणि मला बरं वाटलं. कोणीतरी कुठेतरी बसून आपला कागद उलगडून पाहील, असं वाटलं होतं. पुढची कितीतरी वर्षं मी त्या वाटण्यावर मत देत राहिले. नंतर हळूहळू कळलं, कागद मोजतात. पाहत कोणी नाही.

म्हणून त्या वर्षी ठरवलं होतं, बोटाला शाई लावायची नाही. आजवर लावली तेवढी पुरे.

नाल्याचं सांगते. जठारपेठेकडून चालत आलं तर पंधरा-वीस मिनिटांवर आमची गल्ली आहे आणि गल्लीच्या तोंडाशी माणूसभर खोल नाला. त्याच्यावर सिमेंटचे जुने ढापे होते, काही फुटलेले, काही धड. नवे ढापे टाकू म्हणून तीन वेळा भूमिपूजन झालं. प्रत्येक वेळी वेगळा पक्ष, वेगळा नारळ. तिसऱ्या वेळी काम सुरू झाल्यासारखं दिसावं म्हणून जुने ढापेही काढून नेले. मग कोणी फिरकलं नाही. भूमिपूजनाचा प्लायवूडचा बोर्ड तेवढा राहिला. त्यावर हात जोडलेल्या सहा माणसांचे फोटो होते. तो बोर्ड आम्ही गल्लीतल्यांनी नाल्यावर आडवा टाकला आणि त्याच्यावरून ये-जा करू लागलो.

ढापे नेले त्या दिवशी शोभानं निवडणुकीला उभं राहायचं ठरवलं. शोभा म्हणजे आमच्या गल्लीतली शिवणकाम करणारी. चाळिशीची असेल. नवरा लवकर गेला, मुलगी नाशिकला नर्सिंग शिकते. ढाप्यांसाठी पाच वर्षं तिनं अर्ज लिहिले होते, गल्लीभर सह्या गोळा केल्या होत्या. कोणत्याच पक्षाचं तिकीट तिनं मागितलं नाही, आणि कोणी दिलंही नसतं. अपक्ष उभी राहिली. निशाणी मिळाली खाट. माझ्याकडे मत मागायला आली तेव्हा मी तिला सरळ सांगितलं, की तू उगाच उभी राहिलीस. पडलीस तर लोक हसतील, आणि निवडून आलीस तर तूही त्यांच्याच गाडीत बसशील. तिनं वाद घातला नाही. माझ्या ब्लाउजची बाही उसवली होती, ती पाहिली आणि म्हणाली, "काकू, हे काढून द्या. मताचं राहू द्या."

त्याच आठवड्यात एका मोठ्या पक्षाची पोरगी वही घेऊन दारात आली. पक्षाचं हळदीकुंकू होतं, मंडपात, वाण मिळणार होतं. संक्रांत अजून यायची होती, पण पक्षाला पंचांग लागत नाही. तिनं विचारलं, घरात बाया किती. मी सांगितलं, दोन. मग तिनं जरा थांबून विचारलं, "हळदीकुंकवाले किती?" मी म्हटलं, एक. तिनं वहीत एक लिहिलं. पुढच्या घरी गेली. आमच्या गल्लीत अर्ध्या घरांच्या मागच्या खोलीत माझ्यासारखी एक बाई आहे. पोरगी प्रत्येक घरी एकच लिहीत गेली. दोष तिचा नाही. तिला तसंच शिकवलं होतं, आणि मीही माझ्या तरुणपणी आमंत्रणं देताना तसंच मोजलं होतं.

हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी गल्ली रिकामी झाली. पुरुष कामाला, नाहीतर रोडग्यांना. बाया मंडपात. मी ज्वारीचा डबा घेऊन शांताच्या चक्कीवर निघाले. बोर्डावर पाय ठेवला, आणि रोजच्या दवानं कुजलेलं ते प्लायवूड हात जोडलेल्या माणसांसकट मधोमध मोडलं. ज्वारी गेली, डबा गेला, मी गेले.

तिसरी गाडी लांब गेल्यावर गौतमीबाई उन्हात खुर्ची टाकायला बाहेर आल्या. त्या सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या. त्यांनाही हळदीकुंकवाचं बोलावणं नव्हतं. आता मी राखून ठेवलेला आवाज काढला. त्यांनी वाकून पाहिलं.

"कोण आहे व नाल्यात?"

"मी आहो. आंघोळ करून राहिली."

"जित्ती आहे म्हणजे," त्या म्हणाल्या. "पाय हालवू नको. बिलकुल हालवू नको."

त्यांनी शांताला हाक मारली. शांता पन्नाशीची, नवरा गेल्यावर चक्की तिनंच चालवली. ती चक्कीचा जुना पट्टा घेऊन पळत आली. तेवढ्यात शोभा आली. ती सकाळपासून पायी प्रचार करत होती आणि पाणी प्यायला घरी चालली होती. ती चपला काढून नाल्यात उतरली. पट्टा माझ्या काखेतून घातला, गाळात हात घालून माझा पाय मोकळा केला, आणि त्या दोघींनी वरून ओढलं. मला शोभाच्या दारातल्या खाटेवर टाकलं. गौतमीबाईंनी शिवणकामाच्या दोन लाकडी पट्ट्या लावून पाय बांधला. शोभाची प्रचाराची पांढरी साडी कमरेपर्यंत काळी झाली होती. मी तिच्याकडे पाहिलं, ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती नाल्याकडे पाहत होती.

वर्षा मंडपातून परत आली तेव्हा मी खाटेवर होते. तिच्या कपाळावर हळदकुंकू होतं, हातात स्टीलचा नवा डबा होता, डब्याच्या झाकणावर पक्षाचं चिन्ह चिकटवलेलं. ती उभीच राहिली. मी म्हटलं, बरं झालं डबा आणला, माझा नाल्यात गेला. ती रडायला लागली. मला रडणं आवडत नाही. डबा चांगला आहे, अजून वापरतो. चिन्ह तिनं त्याच संध्याकाळी गरम पाण्यात भिजवून काढलं.

घोट्याचं हाड मोडलं होतं. प्लास्टर लागलं. अमरावतीहून मुलीचा फोन आला, की आई, इकडे ये, इथले डॉक्टर चांगले आहेत, मी गाडी पाठवते. मी म्हटलं मतदान झाल्यावर येते. ती म्हणाली, तू तर या वेळी मत देणार नव्हतीस. मी फोन ठेवला.

आपल्याकडे कोणी पडलं-मोडलं की बाया पाहायला येतात. दोन संत्री घेऊन येतात, पाय पाहतात, कसं झालं ते विचारतात. माझ्याकडे रोज आल्या. मी खाटेवर होते आणि शोभाची निशाणी खाट. मला प्रचार करावाच लागला नाही. कसं झालं एवढंच सांगायचं: बोर्ड, तीन गाड्या, पट्टा. मागच्या खोल्यांतल्या बाया तर विशेष करून आल्या; त्यांना दुपारी कुठं जायचं नसतं. त्या जास्त बोलायच्या नाहीत. जाताना खाटेच्या गातावर, कडेच्या त्या लाकडावर, हात ठेवायच्या आणि उठायच्या. शांताच्या चक्कीवर दळणाबरोबर निरोप जात होता. गौतमीबाई कोणाचं बीपी तपासायला म्हणून जायच्या आणि घरोघर बसून यायच्या. पक्षांच्या वह्यांत यातलं काही लिहिलं जात नव्हतं. त्यांच्या वह्यांत घरं होती, घराचा कर्ता होता, आणि कर्त्यानं सांगितलेली मतं.

आमच्या घरचा कर्ता माझा मुलगा संजय. तो वाईट नाही, भिडस्त आहे. एका संध्याकाळी खाटेजवळ बसून म्हणाला, "आई, घरची तीन मतं मी सांगून ठेवली. शब्द गेला आता."

"तीन कशी? तुह्यं एक आहे."

"घराची म्हणून सांगतली व."

"घराले बोट आहे काय, शाई लावाले?"

स्वयंपाकघरात वर्षाच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं, मग पुन्हा वाजलं.

मला तेव्हा एकाच गोष्टीची काळजी होती. शोभा पडली असती तर तिच्यावर गल्ली हसली असती, पण तेवढ्यानं भागलं नसतं. बघा, उभी राहून काय झालं, असं सांगायला लोकांना एक गोष्ट मिळाली असती, आणि माझी नात म्हातारी होईपर्यंत आमच्या गल्लीतून कोणी बाई उभी राहिली नसती. नाला तसाच राहिला असता. पुढच्या बाईला काढायला उन्हात खुर्ची टाकणारं कोणी असेलच असं नाही.

मतदानाच्या दिवशी मला खाटेसकट नेऊ असं ठरलं. शाळेच्या फाटकाशी एका पक्षाच्या माणसानं अडवलं. खाट निशाणी आहे, केंद्राजवळ आणता येत नाही. बरोबरच होतं त्याचं. शांतानं कोणाच्या तरी घरून प्लास्टिकची खुर्ची आणली. दुसऱ्या पक्षाचा माणूस म्हणाला, खुर्चीपण एका अपक्षाची निशाणी आहे. चाकाची खुर्ची एका आजोबांना घेऊन पलीकडच्या खोलीत गेलेली. फाटकावरच्या पोलिसानं दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, मग बुढीले हवेतून आणू काय. यावर दोघांकडेही नियम नव्हता.

तेव्हा गौतमीबाई आणि शांतानं हातात हात गुंफले. वर्षानं माझी पाठ धरली. प्लास्टरचा पाय धरायला रांगेतून एक बाई पुढे आली. मागच्या गल्लीतल्या कोणाच्या तरी मागच्या खोलीतली. तिचं नाव सुमन हे मला नंतर कळलं. चौघींनी मला उचललं. रांग बाजूला झाली.

"हळू न्या व," मी म्हटलं. "लोकाईले वाटन बुढी गेली."

"गेली असती तर चौघं बापे आले असते," शांता म्हणाली. "जित्ती आहे म्हणून आमाले उचला लागून राहिली."

रांगेतल्या बाया हसल्या. ज्या पुरुषांना हसावं की नाही ते कळत नव्हतं, तेही मग हसले.

आत चार रंगांच्या चार याद्या, चार बटणं दाबायची. मी एक दाबलं, खाट. आणि थांबले. बाकी तीन याद्यांत ज्यांची नावं होती त्यांच्या गाड्या माझ्या डोक्यावरून गेल्या होत्या. मशीन वाजेना. आडोशाबाहेरून मतदानाच्या कामावरचे मास्तर म्हणाले, आजी, चारही दाबा, तेव्हाच वाजते. मी तिन्ही याद्यांत शेवटचं बटण शोधलं, यांपैकी कोणीही नाही असं लिहिलेलं, आणि तीनदा दाबलं. मशीन मोठ्यानं वाजलं. संजय नंतर म्हणाला, आई, तीन मतं वाया घातली. मी म्हटलं, वाया साठ वर्षं घालत होते. या वेळी काय वाटतं ते तरी सांगितलं.

शोभा आली. फार नाही, थोडक्यानं निवडून आली. आमच्या वॉर्डातल्या बाकी तीन जागा मोठ्या पक्षांनीच घेतल्या. त्यांचा गुलाल जास्त होता, आमच्याकडे शांतानं चक्कीवरचं पीठ उधळलं. दुसऱ्या दिवशी दोन पक्षांच्या दोन गाड्या शोभाच्या दारात उभ्या राहिल्या. मी संजयला सांगून खाट खिडकीशी लावून घेतली आणि पाहत बसले. ती दोन्ही गाड्यांतल्या माणसांशी उभ्याउभ्या बोलली, चहा दिला आणि मशीनवर जाऊन बसली. अजून कोणाच्या गाडीत बसलेली नाही. बसली तर मी तिलाही बोलेन, तिला ते माहीत आहे.

नाल्यावर ढापे पडले. सगळ्या नाल्यावर नाही, आमच्या गल्लीच्या तोंडापासून पिंपळापर्यंत. पुढचा अर्धा उघडाच आहे आणि त्यासाठी ती अर्ज लिहिते आहे. आता अर्जावर तिची सही शेवटी असते, शिक्क्यासकट. एवढा फरक पडला. मला तो थोडा वाटत नाही. भूमिपूजन झालं नाही. एक दिवस ट्रक आला आणि ढापे उतरवले.

या आठवड्यात शोभानं हळदीकुंकू ठेवलं आहे, नव्या ढाप्यांवरच, सतरंज्या टाकून. वही घेऊन ती स्वतः आली होती. वर्षाला विचारलं, घरात बाया किती. वर्षा म्हणाली, दोन. तिनं दोन लिहिले आणि पुढच्या घरी गेली. गल्लीत यावरून बोलणं चालू आहे. काही जणी म्हणतात शास्त्रात बसत नाही. दोघी-तिघी येणार नाहीत. सुमन येणार आहे. कालच विचारायला आली होती, काय नेसायचं. मी तिला म्हटलं, जे धुतलेलं असेल ते. मी कुंकू लावून घेणार नाही, मला त्याची गरज वाटत नाही. तिळगूळ मात्र घेईन, आणि वाणही. वाण काय आहे ते शोभानं सांगितलं नाही. चाळणी असेल तर परत देईन.

जिथं बोर्ड मोडला होता तिथं आता सिमेंटचा सपाट ढापा आहे. काल काठी घेऊन मी त्याच्यावर उभी राहून पाहिलं. वाजवून पाहिलं. पक्का आहे.

त्या दुपारी नाल्यात पडले ती मी. बाहेर काढलं गौतमीबाई, शांता आणि शोभानं. या खेपेच्या वहीत आम्ही चौघीही आहोत.